परवान्यात बसलं तेवढं यंत्र

यंत्र चालू झालं आणि कोंडाजी कायम झाला. साल एकोणीसशे सहासष्ट, खंडेनवमीचा दिवस, दुपारचे साडेचार. सात कामगारांनी पाहिलं, एका मालकानं पाहिलं, एका टाइपिस्टबाईंनी पाहिलं आणि पेढा खाता खाता एका सरकारी साहेबानंही पाहिलं. मात्र साहेबाच्या अहवालात ते यंत्र चालू झालेलं नाही, आणि सरकारला खोटं पाडेल एवढा मोठा कागद अजून कुठल्या गिरणीत तयार झालेला नाही. तेव्हा यंत्र चालू झालंच नाही, असं धरून पुढचं वाचावं.

चिंचवड स्टेशनच्या मागच्या बाजूला पत्र्याच्या दोन शेडमध्ये मधुसूदनराव खांबेटे यांचा ‘खांबेटे गिअर्स’ नावाचा कारखाना होता. तिथे कोंडाजी टर्नर होता. राहायला कुरुळीला, रोज सायकल मारत मोशीच्या पुलावरून यायचा आणि तसाच जायचा. हाताला इतका नेमका की मधुसूदनराव पाहुण्यांना कारखाना दाखवताना आधी गणपतीची तसबीर दाखवत आणि मग कोंडाजी.

असा हा कोंडाजी चार वर्षांत पाच वेळा नवा लागला होता. वर्षात दोनशे चाळीस दिवस भरले की माणूस कायम करा म्हणतो, म्हणून दोनशे तिसाव्या दिवशी मधुसूदनराव त्याला मायेनं ‘ब्रेक’ देत, आणि पंधरा दिवसांनी ‘नवीन माणूस पाहिजे’ म्हणून सांगावा धाडत. दर खेपेला नवा फॉर्म भरावा लागे. त्यात ‘पूर्वानुभव’ असा एक रकाना होता. कोंडाजीनं तिथे पाचही वेळा ‘नाही’ लिहिलं होतं, कारण तसं लिहिल्याशिवाय फॉर्म घेत नसत.

“कंपनीत कामाला जाताय का पाव्हण्यासारकं?” त्याची बायको कस्तुरा विचारायची. “पाव्हण्याला बी जाताना टॉवेल-टोपी मिळती.”

 कोंडाजीला याचं उत्तर त्या वर्षी मार्चमध्ये मिळालं. मधुसूदनरावांनी जर्मनीहून गिअरचे दाते पाडणारं एक यंत्र मागवलं आणि सातही टेंपररी पोरांना गणपतीच्या तसबिरीसमोर उभं करून सांगितलं, “ज्या दिवशी यंत्र चालू, त्या दिवशी तुम्ही कायम.”

कस्तुरानं त्या दिवशी पहिल्यांदा विचारलं, “कसलं यंत्र?” आणि ऐकून घेतलं. एरवी ती कंपनीचं काही ऐकून घेत नसे.

मग सहा जून आला. सोमवार. सकाळी टाइपिस्ट अरुंधतीबाई साठे पेपर हातात घेऊन थेट शॉपमध्ये आल्या. एरवी पातळाला तेल लागतं म्हणून त्या उंबऱ्यावरूनच बोलत.

“रुपया पडला,” त्या म्हणाल्या.

“कुणाचा?” मिलिंगवाल्या हिंदुरावानं खाली वाकून बघितलं.

“देशाचा. काल रात्री. शंभराचे साडेत्रेसष्ट झाले.”

यंत्रं बंद करून सगळे जमले. अरुंधतीबाईंनी पेपर उलगडला आणि शाळेत शिकवावं तसं सांगितलं. चार वर्षांत दोन लढाया झाल्या, त्यांचा खर्च झाला. वर पाऊस नाही. मग बाहेरून गहू आणला, मिलो म्हणतात ती लाल ज्वारी आणली, यंत्रं आणली, आणि बरंचसं उसनवारीवर. देणं फेडायचं डॉलरमध्ये, आणि आपल्याला छापता येतो तो रुपया. लढाई झाली तशी बाहेरच्यांनी मदतीचा हात आखडता घेतला. मदत पुन्हा हवी असेल तर आधी रुपया उतरवा म्हणाले. उतरवला. शनिवारी चार रुपये शहात्तर पैशांना मिळणारा डॉलर आता साडेसात रुपयांना.

“म्हंजी मिलो खाल्ला आमी,” कोंडाजी म्हणाला, “आन् पोट बिघडलं रुपयाचं.”

हिंदुराव बोटांवर हिशेब करत बसला होता. “बाई, रुपया साडेछत्तीस टक्के उतरला म्हणता, आणि डॉलर साडेसत्तावन्न टक्क्यांनी महागला म्हणता. मधले एकवीस कुणी खाल्ले?”

अरुंधतीबाईंनी पेपर पुन्हा चाळला. त्यात ते दिलेलं नव्हतं. तेव्हा कोंडाजीनं लेथवरचा बार दाखवला.

“ह्यो शंभर एमएमचा बार. चुकून साडेत्रेसष्टवर उतरवला. आता परत शंभर करायचा तर ह्या बारक्या मापाच्या किती टक्के चढवाया लागंल?”

“चढवता येतो होय? तो स्क्रॅपच की.”

“त्येच बाई सांगत्यात, भावा.”

तेवढ्यात केबिनचं दार उघडून मधुसूदनराव बाहेर आले. त्यांचा चेहरा त्यांच्या मानानंही पडलेला होता.

त्याचं कारण एक परवाना. त्या काळी बाहेरची वस्तू आणायची तर सरकारी परवाना लागे आणि परवान्यावर रक्कम लिहिलेली असे रुपयांत. मधुसूदनरावांचा परवाना होता सत्तेचाळीस हजार सहाशेचा. रविवारपर्यंत त्यात जर्मनीचे चाळीस हजार मार्क मावत होते, आणि यंत्राची किंमत बरोबर तेवढीच होती. सोमवारी त्याच परवान्यात पंचवीस हजार मार्क मावू लागले, वर थोडी चिल्लर. परवाना वाढवून मिळेल का, म्हणून त्यांनी परवान्याच्या कचेरीत चौकशी केली. मिळेल, पण आपण दोघं तोवर असलो पाहिजे, असं तिथल्या कारकुनानं सांगितलं.

मधुसूदनराव मूळचे नारायण पेठेतले. हार मानली तर त्यात पैसे जात नाहीत, हे ठाऊक असूनही ते हार मानणारे नव्हते. जर्मन कंपनीनं किमतीत जादा कटर, हत्यारांची पेटी, शिकवायला येणाऱ्या माणसाचं भाडं असलं बरंच काही धरलं असणार, ते वगळायला सांगू, घासाघीस करू, असा त्यांनी बेत केला. अरुंधतीबाईंना तार लिहायला बसवलं: यंत्र पूर्ण पाठवा, जोडसामान वगळा, किंमत परवान्यात बसवा, उरलेलं नंतर पाहू.

पण परदेशच्या तारेला शब्दामागे पैसे पडतात. मधुसूदनरावांनी पेन्सिल घेतली.

“‘जोडसामान वगळा’ नको. ते ओघानं आलंच. ‘नंतर पाहू’ हे तर आपण बोलण्यातसुद्धा फुकट घालवतो.”

“‘पूर्ण’ तरी राहू द्या,” अरुंधतीबाई म्हणाल्या.

“यंत्र म्हटलं की पूर्ण आलंच. अपुरं यंत्र कुणी पाठवतं का, अरुंधतीबाई? जर्मन माणसं आहेत ती.”

शेवटी तार गेली ती एवढीच: परवान्यात बसेल तेवढं पाठवा.

जर्मन माणसं होती, म्हणून त्यांनी तसंच केलं. यंत्राचे भाग एक ते चारशे बारा, प्रत्येकासमोर किंमत. एकापासून बांधायला सुरुवात केली आणि पैसे संपले तिथे थांबले. पैसे दोनशे एकसष्टवर संपले.

ऑगस्टमध्ये ट्रकमधून आठ खोकी उतरली. नारळ फोडून पहिलं खोकं उघडलं. भाग नंबर एक: कंपनीच्या नावाची पितळी पाटी, चार स्क्रूंसह. मग पाया, मग खांब, मग झाकणं, आणि शेवटी दोनशे एकसष्ट नंबर, गळणारं तेल धरायचं पत्र्याचं तबक. दोनशे बासष्ट नंबरला मुख्य स्पिंडल, म्हणजे कटर फिरवणारा दांडा होता. तो जर्मनीत होता. सोबत पत्र होतं की, आपल्या सूचनेचं तंतोतंत पालन केलं आहे आणि शिल्लक राहिलेले तीन मार्क बँकेमार्फत परत करत आहोत.

कोंडाजीनं तबक हातात घेऊन उलटसुलट पाहिलं. “मालक, तेल गळायची सोय आलीय. तेल जितनं गळायचं, ते आलं न्हाई.”

मधुसूदनरावांनी पितळी पाटी परत खोक्यात ठेवली. मग म्हणाले, “संपलं. खोकी बंद करा. हे लोखंडाच्या भावानं जाईल. आणि यंत्र नाही म्हणजे काम नाही. एक तारखेपासून तुम्हा सातांना ब्रेक.”

सहा जण हात पुसायला लागले. ब्रेकची सवय होती. कोंडाजीनं तबक खाली ठेवलं, पण हात पुसले नाहीत.

“न्हाई जायचं.”

“म्हणजे?”

“दोनशे एकसष्ट आल्यात. उरल्यात एकशे एक्कावन्न. ती आमी बनवतो.”

“ड्रॉइंग कुठाय?”

“आलेल्या भागांना भोकं हायती की. भोक दिसलं की बोल्ट कळतो. खोबण दिसली की चावी कळती.”

“आणि जिथे भोकच नाही?”

“तितं काय बसत नसंल.”

मधुसूदनरावांनी कपाळाला हात लावला. “अरे बाबा, जर्मन लोक शंभर वर्षं हेच करत आलेत!”

“त्यांना शंभर लागली, आमाला दसऱ्यापातूर द्या.”

कोंडाजी हे इतक्या शांतपणे म्हणाला की मधुसूदनरावांना तो हट्ट वाटण्याऐवजी कोटेशन वाटलं. त्यांनी अट घातली: लोखंड भंगारातलं घ्यायचं, ओव्हरटाइम मिळणार नाही.

“कायम मिळंल का?”

“चालू झालं तर.”

“बाई,” कोंडाजी वळून म्हणाला, “मालक काय म्हणाले ते तुमी ऐकलं न्हवं?”

“मी तर टाइपच करायला घेते,” अरुंधतीबाई म्हणाल्या.

पुढचे दोन महिने खांबेटे गिअर्समध्ये उलट्या बाजूनं जर्मनी तयार होत होती. पहिलीच गोची अशी, की गिअर पाडायचं यंत्र बनवायला गिअर लागतात, आणि गिअर पाडायला ते यंत्र. हिंदुरावानं मिलिंगवर एकेक दाता मोजून पाडायला घेतला. शहाण्णव दात्यांचं चाक होतं. पंच्याण्णव झाले आणि त्याला शिंक आली. सत्त्याण्णव दात्यांची जागा झाली, दाते मात्र कुठल्याच हिशेबात बसेनात. हिंदुरावानं ते चाक घरी नेऊन माठाखाली ठेवलं आणि दुसऱ्या दिवशी नाकाला फडकं बांधून नवं घेतलं.

स्पिंडलला चांगलं पोलाद हवं होतं. लढाईत गेलेला एक लष्करी ट्रक लिलावात भंगारवाल्याकडे आला होता. त्याचा आस कोंडाजीनं सायकलच्या दांडीला बांधून आणला. लढाईनं रुपया खाल्ला होता. निदान स्पिंडल तरी तिच्याकडून वसूल झाला. मोटर पुण्याचीच घेतली. बाहेरून येणारी लेथची हत्यारं जूनपासून इतकी महागली होती की मधुसूदनराव ती तिजोरीत ठेवत, सकाळी फूटपट्टीनं मोजून देत आणि संध्याकाळी किती झिजली ते पुन्हा मोजत. रॉकेल महागलं, तेल महागलं, चहाचा कप तेवढाच राहिला पण त्यातला चहा खाली गेला.

एका हँडलला कशाचंच माप जुळेना. कोंडाजीनं घरचा लोखंडी बत्ता उचलून आणला.

“आता चटणी कशानं कुटू?” कस्तुरानं विचारलं.

“कायम झालो की नवा घेऊ.”

“म्हंजी तवर आळणी खायाचं. खावा. पर ह्या टायमाला पाव्हण्यासारकं परत आला, तर दार उघडायची न्हाई मी. चार डाव उघडलं.”

ती हसत नव्हती. कोंडाजीनं बत्ता फडक्यात गुंडाळला आणि निघाला. त्यानंतर त्यानं एकही भाग दुसऱ्यांदा मोजल्याशिवाय खाली ठेवला नाही.

खंडेनवमीच्या आदल्या दिवशी चारशे बारावा भाग बसला. यंत्र दसऱ्याच्या मुहूर्तावर चालू करायचं ठरलं. नवमीला हत्यारांची पूजा झाली. लेथ, मिलिंग, ड्रिल, सगळ्यांना हळद-कुंकू आणि झेंडूच्या माळा. त्या दिवशी हत्यार चालवायचं नसतं, त्याला विश्रांती असते. आणि नेमके त्याच दिवशी, पेढ्यांचा वास धरून यावेत तसे, परवाना देणाऱ्या खात्याचे तपासनीस नंदकिशोर सरदेशपांडे येऊन उभे राहिले.

साहेबांकडे यादी होती, दोनशे एकसष्ट भागांची. त्यांनी यंत्राभोवती फिरत मोजायला सुरुवात केली. दोनशे एकसष्ट झाले तरी यंत्र संपेना. चारशे बाराला ते थांबले आणि त्यांनी चष्मा काढला.

“खांबेटे, हे एकशे एक्कावन्न भाग देशात विनापरवाना कसे आले?”

“आले नाहीत साहेब, इथेच केलेत. आमच्या पोरांनी.”

साहेबांनी यंत्राच्या पोटातली एक बारीक पोलादी नळी काढायला लावली आणि मायक्रोमीटरनं मोजली. मग पुन्हा मोजली. “माप मिलिमीटरच्या दोन शतांशाच्या आत बरोबर आहे. इथे होत नाही असं काम. हा चोरटा माल आहे.”

मधुसूदनराव पांढरेफटक पडले. कोंडाजीला बाजूला ओढून कुजबुजले, “सांग ना, थोडं खडबडीत झालंय म्हणून. कुठंतरी चुकलं असेल ना रे तुझं?”

“न्हाई.”

“थोडंसं?”

“न्हाई.”

“अरे, चूक कबूल केलीस की सुटतो आपण!”

“नसलेली चूक कबूल कशी करू, मालक? ती बी बनवून देऊ का?” मग तो मोठ्यानं म्हणाला, “सायेब, बसा. तुमच्याम्होरं दुसरी बनवतो.”

“आज?” हिंदुराव हबकला. “अरे नवमी हाय! हत्यार आज पुजायचं!”

कोंडाजी लेथजवळ गेला. त्यानं लेथला हात लावून कपाळाला लावला. “आज सुट्टी हुती तुमची. पर सरकारी काम हाय, रागावू नगा.” मग लोखंड पकडणाऱ्या चकावरची माळ काढली. ती खाली ठेवायची नव्हती, आणि शॉपमध्ये तेल न लागलेली जागा एकच होती. माळ त्यानं साहेबांच्या गळ्यात घातली.

तीन तास साहेब माळ घालून खुर्चीवर बसून होते. मधुसूदनराव दर अर्ध्या तासानं पेढा देत होते. अरुंधतीबाई उंबरा ओलांडून आत येऊन उभ्या होत्या.  पोलादाचा कीस वळत वळत खाली पडत होता. शेवटी कोंडाजीनं नळी पुसली आणि साहेबांच्या हातात दिली.

साहेबांनी मोजली. जुनी मोजली. नवी मोजली. माप दोन्ही वेळा एकाच रेघेवर.

“चालवून दाखवू?” असं साहेबांना विचारेपर्यंत कोंडाजीनं नवी नळी बसवली होती, आणि मुहूर्त दुसऱ्या दिवसाचा आहे हे मधुसूदनरावांना आठवेपर्यंत हिरवं बटण दाबलं होतं. साडेचार वाजले होते. यंत्र गुरगुरलं, आणि लोखंडाच्या चकतीवर पहिला दाता उमटला.

साहेबांनी हातातला उरलेला पेढा तोंडात टाकला. “अडचण वाढली,” ते म्हणाले. “हे इथेच होतं असं लिहिलं, तर वरून विचारतील, मग सत्तेचाळीस हजारांचा परवाना दिला कशाला? तो दिला कुणी? तर मीच. बाहेरून आलं लिहिलं, तर तुम्ही आत जाता.”

“मग खरं हाय ते लिवा,” कोंडाजी म्हणाला.

“खऱ्याला रकाना नाही.”

त्यांनी फॉर्म भरला आणि वाचून दाखवला. यंत्राच्या आवाजामुळे ओरडून वाचावा लागला: “परवान्यानुसार दोनशे एकसष्ट भाग मिळाले! यंत्र अपूर्ण! सबब चालू नाही!” खाली छापलेलं होतं: कारखान्याचे काही म्हणणे असल्यास सात दिवसांत लेखी कळवावे. एक प्रत देऊन साहेब गेले. माळ गळ्यातच होती.

“वाचलो!” मधुसूदनराव खुर्चीत कोसळले.

“मग आता आमचं कायमचं बघा, मालक.”

“अरे, ऐकलंस ना? चालू नाही. सरकारनं लिहून दिलंय. यंत्र चालू नाही, तर कायम कसे?”

कोंडाजीनं त्यांच्याकडे बघितलं. मग हात लांब केला आणि लाल बटण दाबलं. शेड एकदम शांत झाली.

“काय केलंस?”

“चालू न्हाई, ते बंद केलं. सायबाचं लिवलेलं खोटं पडाया नगं.”

“परवा दोनशे गिअर द्यायचेत!”

“बंद यंत्रावर कसं जमंल?”

“अरे, ते कागदावर बंद आहे!”

“आमी बी कागदावरच टेंपररी हाय, मालक. हात तर चार वर्सं हितंच हायती.” आणि तो यंत्राच्या पायावर मांडी घालून बसला. एकेक करत बाकीचे सहा जण बसले. “ब्रेक द्या,” कोंडाजी म्हणाला. “ह्या टायमाला आमी घरी जात न्हाई. हितंच ब्रेक घेतो.”

मधुसूदनराव दारापर्यंत गेले, परत आले. बटणाकडे गेले. पण कुठल्या क्रमानं काय दाबायचं हे सातांनाच ठाऊक होतं. चारशे बारापैकी एकशे एक्कावन्न भाग जगात दुसऱ्या कुणाच्या ओळखीचे नव्हते. जर्मनीला तार करावी, तर तिथल्यांच्या हिशेबानं उरलेलं यंत्र अजून त्यांच्या गोदामात होतं.

पाच वाजले. सव्वापाच वाजले.

“अरुंधतीबाई,” शेवटी मधुसूदनराव खोल आवाजात म्हणाले, “सात पत्रं टाइप करा.”

“झालीत,” अरुंधतीबाईंनी पिशवीतून काढून दिली. “ऑगस्टमध्येच केली होती. फक्त यंत्र कुठलं, ती जागा मोकळी ठेवलीय.”

मधुसूदनरावांनी पेन काढलं. चालू यंत्र लिहावं तर सरकारविरुद्ध जातं. त्यांनी विचार केला आणि सातही पत्रांत लिहिलं, ‘बंद यंत्रावर कायम ऑपरेटर’. मग ‘कायम’ हा शब्द इथे गरजेचाच आहे का, म्हणून पेन जरा घुटमळलं.

“शब्द कापू नका,” अरुंधतीबाई म्हणाल्या. “हे तारेनं जायचं नाही.”

सह्या झाल्या. कोंडाजीनं पत्र दोनदा वाचलं, घडी करून टोपीत ठेवलं आणि यंत्र सुरू केलं. मग साहेबांची प्रत उचलून तळची ओळ बोटानं दाखवली.

“बाई, हितं आमचं म्हननं मागितलंय. सात दिसांत. हाय आमचं म्हननं. तुमी सरकारी भाषेत घाला.”

अरुंधतीबाईंनी कार्बन लावला. दसऱ्यानंतर, दोनशे गिअर वेळेवर गेल्यावर, रजिस्टर टपालानं अर्ज रवाना झाला:

अर्जदार: कोंडाजी मालोजी बागडे, कायम ऑपरेटर (बंद यंत्र), मु. कुरुळी.

विषय: रुपयाचा उरलेला भाग येथे तयार करण्याबाबत.

महोदय, आपल्या अहवालानुसार आमचे यंत्र बंद असून त्याने काल सायंकाळपर्यंत दोनशे गिअर पाडले आहेत. सहा जूनपासून आमच्या हाती रुपयाचा साडेत्रेसष्ट टक्के भागच येत आहे. उरलेला भाग कोणत्या देशात अडकला आहे हे समजत नाही. तो बाहेरून मागवावा, तर त्यासाठी परवाना लागेल व परवान्यासाठी पुन्हा रुपया लागेल. सबब तो भाग येथेच बनवून देण्यास आम्ही सात कामगार तयार आहोत. तरी पाच जूनच्या मापाचा एक अस्सल रुपया, त्याचे ड्रॉइंग, मटेरियलचा तपशील व चालण्याजोगा फरक शतांशात, असे सर्व परत टपाली पाठवण्याची कृपा व्हावी, व नमुन्याचा रुपया काम झाल्यावर परत नेण्यासाठी जबाबदार अधिकारी, शक्यतो खुद्द अर्थखात्याचे, खंडेनवमी वगळून कोणत्याही दिवशी समक्ष पाठवावेत, ही नम्र विनंती.